वरून काय घालू?

राऊच्या चौकात सकाळी साडेसहाला पोह्यांची परात चढते. खाली पाण्याचं भगोनं रटरटत असतं, त्यावर ही भलीमोठी परात, आणि परातीत पिवळ्याधमक पोह्यांची रास. वाफ सतत खालून लागत असल्यामुळे पोहे दहा वाजेपर्यंत मऊ राहतात. कढईत तेलावर परतलेले पोहे तासाभरात वाळून दाताला लागतात, तसं इथं होत नाही. ठेलेवाला झाऱ्यानं कागदाच्या तुकड्यावर पोहे घेतो आणि मग थांबतो. ते थांबणं महत्त्वाचं. मान वर न करता विचारतो, "ऊपर से क्या?"

समोर डब्यांची ओळ मांडलेली असते. बारीक शेव, लवंगशेव, बुंदी, बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी, कधी डाळिंबाचे दाणे, आणि पत्र्याच्या डब्यात जीरावन. इंदूरच्या माणसाला ह्या प्रश्नाचं उत्तर पाठ असतं. "कांदा कम, सेंव ज्यादा, नींबू दो बार." माझ्या पुढे उभा असलेला पीथमपूरच्या कारखान्यातला कामगार नुसतं "जीरावन" म्हणाला आणि चमचाभर तांबूस पूड त्याच्या पोह्यांवर पडली. त्याच्या पुढच्यानं शेव नको म्हटलं. दोघांचे पोहे एकाच परातीतले, पण दोघं एकच पदार्थ खात होते असं म्हणायला जीभ धजत नाही.

मी १९९८ साली लग्न होऊन राऊला आले. माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. सासर देशस्थ, चार पिढ्या माळव्यात मुरलेलं. राऊ तेव्हा इंदूर आणि महूच्या मधलं स्टेशनाचं गाव होतं. राजवाड्यापासून दहा-बारा किलोमीटर. तरी टेंपोवाले 'इंदूर, इंदूर' असं परगावाला निघाल्यासारखं ओरडत. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी हौसेनं दडपे पोहे केले. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, हिरवी मिरची, लिंबू, चिमूटभर साखर, वरून फोडणी, आणि झाकण घालून अर्धा तास दडपून ठेवलेले. नारळ मिळवायला नवऱ्याला इंदूरपर्यंत पिटाळला होता. सासूबाईंनी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि काही न बोलता उठून फडताळातून शेवेचा डबा काढला. मग म्हणाल्या, "छान झालेत. पण वाफ नाही दिली का गं?"

मला रडू आलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही. पोह्यांना वाफ द्यायची असते हे मला ठाऊक नव्हतं आणि दडप्यांना द्यायची नसते हे त्यांना ठाऊक नव्हतं. शिवाय पोह्यांच्या फोडणीत बडीशेप. बडीशेप जेवणानंतर मुखशुद्धीला खायची असते ह्या समजात मी वाढलेली. इंदुरी पोह्यांत ती मोहरीबरोबर तडतडते आणि त्यांचा निम्मा वास तिचाच असतो. मोठ्या जाऊबाई जळगावच्या. त्यांचं म्हणणं, कांदा फोडणीत लाल झाल्याशिवाय त्याला पोहे म्हणूच नये. कच्चा कांदा वर टाकणं म्हणजे ठेल्यावरची घाई. आमच्या एका स्वयंपाकघरात तीन जिल्ह्यांचे पोहे होते, आणि नागपूरची मावससासू आली की चौथे: हरभऱ्याच्या झणझणीत तर्रीत बुडवलेले. त्यांना पोहे म्हणावं की उसळ, ह्यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

माळव्यात मराठी माणूस आला घोड्यावरून. होळच्या मल्हाररावांनी इथं बस्तान बसवलं. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ महेश्वरहून कारभार केला. महिदपूरची लढाई हरल्यावर १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला आली. शेजारी देवास-धारला पवार, उज्जैनला शिंदे. पुढची माणसं रेल्वेनं आली. दुसऱ्या तुकोजीरावांनी खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीचं. राजानं सरकारला कर्ज द्यायचं, ही गोष्ट आमचे मामंजी अजून स्वतःच्या खिशातून दिल्यासारखी सांगतात. तो मार्ग घाट चढून महूवरून राऊला आला. घाटात कालाकुंड नावाचं एवढंसं स्टेशन आहे आणि तिथला पळसाच्या पानावरचा कलाकंद ह्या बाजूला प्रसिद्ध आहे. भुसावळ-खांडव्याकडून कारकून, मास्तर, गिरणीतले जॉबर, फौजेतली माणसं ह्याच वाटेनं आली. प्रत्येकाच्या पत्र्याच्या ट्रंकेत आपापला मसाला असणार.

पोहे इंदूरला कुणी आणले ह्याच्या दोन कथा आहेत. एक म्हणते, होळकरांच्या लष्कराबरोबर आले. दुसरी म्हणते, स्वातंत्र्यानंतर कोकणातून आलेल्या एका जोशींनी टिळकपथावर उपाहारगृह काढलं आणि तिथून पोह्यांचा बाजार झाला. मला दुसरी जास्त पटते. घरी खाणं वेगळं, विकायला ठेवणं वेगळं. वाफेची परात, वरून घालायचे डबे, जोडीला जिलबी ही सगळी विकणाऱ्याची अक्कल आहे. सकाळपासून दहापर्यंत दोनशे माणसांना एकच पदार्थ द्यायचा असेल तर तो सगळ्यांना चालेल इतपतच करायचा आणि उरलेलं ज्याचं त्याच्यावर सोपवायचं. माळव्यात पीक गव्हाचं आणि सोयाबीनचं, भात नावाला. तरी उज्जैनला पोह्यांच्या गिरण्या चालतात आणि इंदूर पोह्यांशिवाय उठत नाही. म्हणून 'अस्सल इंदुरी पोहे' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. ज्या पदार्थाचं धान्य बाहेरचं, करणारा बाहेरचा आणि चव ऐन वेळी खाणाऱ्यानं ठरवायची, त्यात अस्सल म्हणून धरायचं तरी काय? बडीशेप, फार तर.

जीरावनाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण माझं आणि सासूबाईंचं खरं भांडण त्यावरून झालं. जीरावन म्हणजे धने, जिरे, बडीशेप, लवंग, दालचिनी, जायफळ, तमालपत्र, सुंठ, हिंग, आमचूर, लाल तिखट आणि काळं मीठ. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. सासूबाई जिन्नस भाजून खलबत्त्यात कुटत. मिक्सरमध्ये पूड गरम होते आणि वास उडतो असं त्यांचं मत, आणि ते बरोबर आहे. मी माहेरून गोडा मसाला आणला होता. धने, जिरे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर. दोन्ही डबे एका फळीवर, दोन्ही तांबूस-काळपट. एकदा मी आमटीत जीरावन घातलं. आमटी आंबट, खारट आणि काहीतरी औषधी अशी झाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो शिजवायचा नाही, तो टाकायचा."

हा फरक मला फार उशिरा नीट कळला. गोडा मसाला पातेल्यात जातो. करणारीनं एकदा ठरवलं की घरातल्या आठही माणसांनी तेच खायचं. जीरावन ताटात पडतं. पोह्यांवर, उकडलेल्या कणसावर, पेरूच्या फोडीवर, थंडीत तळलेल्या गराडूवर. गराडू म्हणजे आपल्या कोनफळाचा माळव्यातला भाऊ. तुपात किंवा तेलात तळून, लिंबू पिळून, वर हा मसाला. न घालणाऱ्याचं काही अडत नाही. पहिल्या मसाल्यात करणारीचा हात दिसतो, दुसऱ्यात खाणाऱ्याची जीभ.

मराठी ताटालाही हे ठाऊक आहेच. आपलं ताट वाढताना डावी बाजू कशाला असते? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडची भाजी-आमटी करणारीची, डावी बाजू जेवणाऱ्याची. मीठ कमी पडलं तर वाढणारीला हाक न मारता ताटातल्या मिठाला बोट लावायचं. आपण ही सोय पंगतीत ठेवली आणि रोजच्या डायनिंग टेबलावर हरवली. आता ताटात एक भाजी, एक पोळी, आणि 'कसं झालंय?' हा प्रश्न. त्याला 'छान' सोडून दुसरं उत्तर चालत नाही.

पाकशास्त्राच्या पुस्तकांनीही ह्या बाबतीत काही मदत केली नाही. मराठीत 'सूपशास्त्र' १८७५ साली छापलं गेलं. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० च्या 'रुचिरा'नं वाटी-चमच्याचं माप देऊन माझ्यासारख्या हजारो नव्या सुनांना सासूच्या 'अंदाजे घाल'मधून सोडवलं. ह्या उपकाराबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही. माझ्या ट्रंकेतही तेच पुस्तक होतं. पण पाककृती कुठलीही काढा, शेवटी एक शब्द येतोच: 'चवीपुरतं'. कुणाच्या चवीपुरतं, हे कुठलंच पुस्तक सांगत नाही.

वरून घालून भागत नाही अशा गोष्टीही असतात, आणि तिथं माझा चांगलाच फजितवाडा झाला. साल आठवत नाही, थोरला मुलगा बालवाडीत होता. गल्लीतल्या चार माळवी कुटुंबांना आम्ही बाफल्यांचं जेवण दिलं. बाफला म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाच्या, थोडं मक्याचं पीठ घातलेल्या कणकेचा गोळा. आधी हळदीच्या पाण्यात उकडायचा, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचा, मग फोडून तुपात बुडवायचा. बाटी उकडत नाहीत, बाफला उकडतात. ह्या एका पायरीवर माळवा आणि राजस्थान वेगळे होतात. बाफले सासूबाई आणि जाऊबाईंनी केले. जाऊबाईंना हे काम नवं नव्हतं, कारण खानदेशातली वरण-बट्टी आणि विदर्भातले रोडगे ही ह्याच घराण्यातली माणसं. डाळ माझ्याकडे होती. मी तुरीची डाळ केली आणि हात सवयीनं गुळाकडे गेला. गुळाचा बऱ्यापैकी मोठा खडा, दोन आमसुलं, गोडा मसाला. माझ्या मते उत्तम आमटी.

पाहुण्यांनी पहिल्या घासाला एकमेकांकडे पाहिलं. फार सभ्य माणसं. एका काकींनी हळूच लसणाची चटणी मागितली, मग अजून थोडी, मग शेव. तिखट, मीठ, लसूण, लिंबू सगळं वरून घालता येतं, पण पडलेला गूळ काढता येत नाही. शेवटी सगळ्यांनी बाफले कढीशी खाल्ले आणि माझी डाळ दोन दिवस आम्हीच संपवली. तेव्हापासून चार घरची माणसं जेवायला असली की मी पातेल्यात गूळ घालत नाही. किसून वाटीत ठेवते. लसणाचंही तसंच. चातुर्मास पाळणारे आणि जैन शेजारी असतील तर लसणाची फोडणी वेगळ्या पळीत करून ज्याच्या त्याच्या वाटीत सोडायची. ही युक्ती कुठल्या पुस्तकातली नाही, त्या उरलेल्या डाळीतून आलेली आहे.

राऊचं नाव काढलं की इंदूरवाल्यांना आठवतात बटाट्याच्या चिप्स. पुड्यातल्या कुरकुरीत नव्हेत, वाळवणाच्या. माळव्याच्या काळ्या जमिनीतला बटाटा चिप्सला चांगला, त्यात पाणी आणि साखर कमी, तळल्यावर काळा पडत नाही. फेब्रुवारी-मार्चात नवा माल निघाला की राऊ-रंगवासाच्या बाजूला कारखान्यांच्या मोकळ्या आवारांत चिप्स पसरलेल्या दिसतात. सोललेला, कातलेला, उकळत्या पाण्यातून काढलेला बटाटा उन्हात पडून अर्धपारदर्शक होतो. दुपारी तिथून गेलं तर जमीन काचेच्या बांगड्या फुटल्यासारखी चमकते. वासाबद्दल मी लिहीत नाही. स्टार्चचं पाणी नाल्यात आंबतं आणि त्यावरून गावात तक्रारी चालू असतात.

ह्या चिप्स जातात उपवासाला. आणि उपवासाच्या ताटाइतकं भांडखोर ताट भारतात दुसरं नसेल. माहेरी उपवासाला साधं मीठ चालत होतं. राऊच्या शेजारणींना सैंधव नसेल तर उपवास मोडतो. सासरी जिरं चालतं, कोथिंबीर चालत नाही. जाऊबाईंच्या माहेरी दोन्ही चालतं. आमच्याकडची वरी किंवा भगर इथं 'मोरधन' होते. दुकानात पहिल्यांदा 'भगर द्या' म्हटलं तेव्हा दुकानदारानं मला तीन वेगवेगळ्या वस्तू दाखवल्या, त्यात एक भगवं कापडही होतं. साबुदाण्याची खिचडी तर पोह्यांचंच दुसरं प्रकरण. आपल्याकडे कढईत तूप-जिऱ्याची फोडणी, दाण्याचं कूट, वाफ. इंदूरच्या बाजारात भिजलेला साबुदाणा वाफेवर ठेवतात आणि मागितल्यावर एका भांड्यात तिखट, मसाला, लिंबू आणि बटाट्याचा फराळी चिवडा घालून चमच्यानं सपासप कालवून देतात. पुन्हा तेच, गिऱ्हाइकासमोर, त्याला विचारून.

मजा अशी की ज्या चार जिनसांवरून आम्ही बायका 'हे चालतं, हे चालत नाही' असं धर्मशास्त्र सांगतो, ते बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा टॅपिओका हे चारही अमेरिकेतून आलेले. अहिल्याबाईंच्या आधी तीनशे वर्षं ह्यातलं एकही ह्या देशात नव्हतं. हे मी एकदा हरतालिकेच्या दिवशी बोलून गेले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मग काय, आज जेवून घे." त्यांच्यापुढे असले इतिहास चालत नाहीत. एका परीनं त्यांचं खरं आहे. उपवासाचा नियम घराचा असतो. त्याला पुरावा मागायचा नसतो. पाहुणी आली की विचारायचं, "तुमच्याकडे काय चालतं?" माळव्यातल्या बायका हे फार सहज विचारतात. पुण्याच्या माझ्या नातेवाइकांकडे मला ते कुणी विचारल्याचं आठवत नाही. तिथं जे चालतं तेच सगळीकडे चालत असणार, अशी त्यांची खात्री असते.

राऊ आता बदललं आहे. पीथमपूरच्या रस्त्यावर टेकडीवर आयआयएम आहे. इंदूरला ती संस्था १९९६ साली निघाली आणि पुढे ह्या टेकडीवर आली. तेव्हापासून देशभरची पोरं खाली रस्त्यावर चहाला दिसतात. केरळचा मुलगा पोह्यांवर शेव नको म्हणतो, बंगाली मुलगी जिलबी पोह्यांत बुडवून खाते आणि ठेलेवाल्याला त्याचं काही वाटत नाही. इंदुरात मराठी नाटकं होतात, मराठी जत्रा भरते, तिथं झुणका-भाकर आणि पुरणपोळीपुढे रांगा लागतात. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्राताई महाजन इथून १९८९ पासून तीस वर्षं खासदार होत्या. कोकणातली मुलगी इंदुरात रुजते ह्याचा दाखला म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव मी पुष्कळदा वापरलं आहे, बहुतेक वेळा नारळावरून वाद झाला की.

नारळाचं निभलं. माशाचं काय?

मुंबईचा समुद्र राऊपासून सहाशेएक किलोमीटर. ओल्या मासळीची आशा मी पहिल्याच वर्षी सोडली. पण आई दर उन्हाळ्यात सुके बोंबील आणि सोडे पाठवायची, चार पिशव्या एकात एक घालून. त्या पिशव्या कुठं ठेवायच्या ह्यावरून घरात पंधरा दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. मग एका सकाळी सासूबाईंनी मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी, वातीचा स्टोव्ह आणून ठेवला. वर एक नवी कोरी अल्युमिनियमची कढई. म्हणाल्या, "ही तुझी. आत आणू नकोस." एवढंच. त्या कढईला आमच्या घरात 'रत्नांग्री' म्हणतात. "आज रत्नांग्री काढली वाटतं," असं मामंजी पेपरातून डोकं वर न काढता म्हणत, आणि खिडकी लावून घेत.

ह्याला मोठ्या मनाचा नमुना म्हणून सांगावं असं मला अनेकदा वाटतं, आणि नेमक्या त्याच वेळी आठवतं की पावसाळ्यात मी त्या स्टोव्हपाशी छत्री धरून बसत असे. मागच्या अंगणात मिळालेला मान मागच्या अंगणातलाच असतो. दुसरीकडे हेही खरं की ज्या बाईनं जन्मभर अंडं पाहून तोंड फिरवलं तिनं स्वतः बाजारात जाऊन बोंबलांसाठी कढई विकत आणली. मी तिच्या जागी असते तर आणली असती का? माझ्या सुनेनं उद्या काही वेगळंच मागितलं तर आणीन का? तीन वर्षांनी मामंजींनी स्टोव्हवर पत्र्याचं छप्पर घालून दिलं. कारण विचारलं तर म्हणाले, स्टोव्ह गंजतोय.

आता सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. जीरावन अजून त्याच कुटतात, खलबत्ता मात्र मी मांडीवर धरून बसते. माझी माहेरची खूण म्हणून एक गोष्ट मी ह्या घरात पहिल्या वर्षापासून चालवली आहे: नरकचतुर्दशीचे पोहे. कोकणात अभ्यंगस्नान झालं, कारीट पायाखाली फुटलं, की फराळाच्या आधी पोहे. दुधातले, दह्यातले, गूळ-खोबऱ्याचे, तिखट फोडणीचे. आईकडे पाच प्रकार व्हायचे, मी चार करते. पहाटे पाचला टेबलावर चार पातेली आणि, अर्थातच, शेवेचा डबा.

गेल्या दिवाळीत धाकट्यानं, जो आता बावीस वर्षांचा आहे आणि तीन वर्षं बंगळुरात राहून आला आहे, गूळ-खोबऱ्याचे पोहे घेतले, वेलदोड्याचा वास असलेले, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यावर मूठभर लवंगशेव पसरली. मग जीरावन. मी "अरे!" म्हणेपर्यंत त्यानं कालवलंसुद्धा. सासूबाईंनी चष्मा नीट करून त्याच्या ताटलीत पाहिलं आणि आपली वाटी पुढे केली, "मलाही दे बघू." दोघांनी मिटक्या मारत संपवले. मग त्यानं चमचाभर माझ्यापुढे धरला.

मी नाही घेतला.